शेतजमिनीचे शहर होताना शासन काय करते : नवी मुंबई आणि ‘नैना’च्या अनुभवातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाताची खाचरे, मिठागरे आणि खाजण जिथे होते तिथे रेल्वे स्थानक आणि बहुमजली इमारती उभ्या राहतात, तेव्हा त्या बदलामागे बाजारापेक्षा शासनाचा हात अधिक असतो. महाराष्ट्रात हा हात सर्वांत ठळकपणे दिसतो तो ठाणे खाडीच्या पूर्वेला. म्हणून पुढील बहुतेक उत्तरे नवी मुंबई आणि तिच्या शेजारच्या ‘नैना’, म्हणजे नवी मुंबई विमानतळ प्रभावित अधिसूचित, क्षेत्राच्या आधाराने दिली आहेत.

जमिनीचे रूपांतर करण्यात शासनाची नेमकी भूमिका कोणती?

भूमिका एक नाही, अनेक आहेत, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शासन विकास आराखडा मंजूर करते, म्हणजे कोणत्या गट क्रमांकावर घरे, कुठे कारखाने आणि कुठे बाग हे ठरवते. भूसंपादनाच्या कायद्याने ते जमीन ताब्यात घेऊ शकते. आपल्याच महामंडळामार्फत ते त्या जमिनीचे मालक व विक्रेते होते, आणि मोबदल्याचा वाद झाला की निवाडा देणारा अधिकारीही त्याच्याच महसूल खात्यातला असतो. नकाशावरची एक रेघ सरकली की एकराचा भाव कित्येक पटींनी बदलतो. ही वाढ जमीनधारकाच्या कष्टातून आलेली नसते, तशी ती महामंडळाच्या कर्तबगारीतूनही आलेली नसते. रस्ता, पाणी, रेल्वे आणि परवानगी यांच्या एकत्र येण्यातून ती निर्माण होते. त्यामुळे शासनाच्या भूमिकेची खरी परीक्षा एकाच प्रश्नावर होते, आणि तो प्रश्न म्हणजे ही वाढलेली किंमत कोणाच्या पदरात पडली. उरलेल्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निघतात.

नवी मुंबईसाठी जमीन कशी घेण्यात आली?

मुंबई बेटावरचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे जोडशहर वसवावे, ही मांडणी १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी केली, आणि शासनाने नेमलेल्या गाडगीळ समितीच्या शिफारशीही त्याच दिशेच्या होत्या. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झाले. त्याआधीच, फेब्रुवारी १९७० मध्ये, १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाच्या कलम ४ खालील, म्हणजे संपादनाचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाली होती. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांचे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र नव्या शहरासाठी ठरले. खासगी जमीन संपादन करून, तर शासकीय जमीन वर्ग करून, असे दोन्ही मार्गांनी क्षेत्र सिडकोकडे सोपवण्याचे धोरण होते. शहर उभे राहण्याआधीच त्याची सगळी जमीन एका हाती घ्यायची, हा या प्रयोगाचा पाया होता.

सगळी जमीन एका हाती घेण्यामागचे कारण काय?

पैसा. सिडकोला शासनाकडून मिळालेले भागभांडवल ३.९५ कोटी रुपयांचे होते, आणि एवढ्या रकमेत एक उपनगरही वसले नसते. कच्ची जमीन शेतीच्या भावाने घ्यायची, तिच्यावर रस्ते, गटारे, पाणी आणि वीज आणायची, भूखंड विकायचे आणि आलेल्या पैशातून पुढचा विभाग विकसित करायचा, हे चक्र ठरले. रेल्वेसाठीही हाच मार्ग वापरला गेला. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली, त्या मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला.

या पद्धतीचा फायदा खरा आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. दुकाने आणि कार्यालयांचे भूखंड चढ्या भावाने विकून दुर्बल घटकांची लहान घरे, शाळा आणि दवाखाने यांना कमी दरात जागा देता आली. मात्र ज्या महामंडळाचा सगळा खर्च भूखंडविक्रीतून भागतो, त्याला जमीन स्वस्त घेण्यात आणि महाग विकण्यात रस निर्माण होतो. नियोजनाचे काम आणि व्यापाराचे काम एकाच टेबलावर आले की टेबल कोणत्या बाजूला कलते, हे निविदांच्या भावांवरून कोणालाही कळते.

खाजण आणि दलदलीच्या जमिनीवर इमारती कशा उभ्या राहिल्या?

या परिसराचा मोठा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधबंदिस्ती करून खाडीचे पाणी अडवले होते आणि बांधाच्या आतल्या जमिनीत भात पिकवले होते. संपूर्ण क्षेत्र भरावाने भरतीच्या वर उचलणे परवडणारे नव्हते, म्हणून सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. वाशी, नेरुळ किंवा सीबीडी-बेलापूरच्या खाडीकाठी गेल्यास हे तलाव आजही दिसतात. त्यांच्या तोंडाशी असलेली झडप भरतीच्या वेळी खाडीच्या दाबाने आपोआप बंद होते, शहरातले पावसाचे पाणी तेवढा वेळ तलावात साठते, आणि ओहोटी लागली की झडप उघडून ते खाडीत उतरते. शेतकऱ्याच्या बांधातील उघडी, म्हणजे पाणी सोडण्याचे दारही, याच तत्त्वावर चालत असे. आता या तलावांत गाळ साचला आहे आणि खारफुटी वाढली आहे. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे तलाव उपसणे हा स्वतंत्र प्रश्न झाला आहे, आणि तलावांची क्षमता घटते तसा मुसळधार पाऊस व मोठी भरती एकत्र येण्याचा धोका वाढतो.

मोबदल्यावरून एवढा असंतोष का निर्माण झाला?

जुन्या कायद्यात जमिनीची किंमत कलम ४ च्या अधिसूचनेच्या तारखेला जो बाजारभाव असेल त्यावर ठरत असे. तारीख फेब्रुवारी १९७० ची, आणि अनेक गावांतील निवाडे मात्र पुढे कित्येक वर्षांनी झाले. मधल्या काळात वाशीचा पूल १९७३ मध्ये सुरू झाला आणि वसाहती उभ्या राहिल्या, तरी शेतकऱ्याच्या हिशेबात काळ १९७० मध्येच थांबलेला होता. अधिसूचित जमिनीवर बांधकाम करता येईना, गिऱ्हाईक मिळेना, आणि मोबदलाही हाती येईना, अशी कोंडी झाली. संसदेने १९८४ च्या दुरुस्तीने निवाड्याला दोन वर्षांची मुदत घातली, सक्तीच्या संपादनाबद्दल बाजारभावावर मिळणारी दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के केली आणि अधिसूचनेपासूनच्या काळासाठी दरसाल १२ टक्के वाढीव रक्कम देऊ केली. जुना कायदा किती एकतर्फी होता, हे या दुरुस्तीवरूनच दिसते.

त्याच वर्षाच्या आरंभी उरण तालुक्यात संघर्ष टोकाला गेला होता. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या दास्तान फाटा परिसरात आणि नवघर भागात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. दरवर्षी जानेवारीत तिथे हुतात्म्यांना अभिवादन होते. विकसित जमिनीत शेतकऱ्याचा वाटा असला पाहिजे, ही मागणी त्या लढ्याने शासनाच्या गळी उतरवली. नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चे नाव देण्याची मागणी एवढ्या आग्रहाने का झाली, हे या इतिहासाशिवाय समजत नाही.

‘साडेबारा टक्के’ योजना म्हणजे काय, आणि प्रत्यक्ष किती जमीन हाती येते?

मार्च १९९० च्या शासन निर्णयाने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदाराला परत देण्याचे ठरले, आणि १९९४ मध्ये पूर्वी संपादन झालेल्यांनाही हा लाभ लागू करण्यात आला. हिशेब असा. एखाद्या कुटुंबाची एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन गेली असेल, तर साडेबारा टक्क्यांनी पात्रता १,२५० चौरस मीटर होते. त्यातून रस्ते व सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के, म्हणजे ३७५ चौरस मीटर वजा होतात आणि ८७५ चौरस मीटर उरतात. म्हणून गावात जाणकार माणूस ‘साडेबारा नव्हे, पावणेनऊ’ असे म्हणतो. या भूखंडाला दीड चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकामाची मुभा, आणि १५ टक्क्यांपर्यंत वाणिज्य वापर मिळतो, ही जमेची बाजू.

पुढची पायरी कागदपत्रांची. मूळ खातेदार हयात नसेल तर न्यायालयातून वारस दाखला आणावा लागतो, आणि बहिणींची नावे सातबारावर राहिली नसतील तर वाद तिथेच सुरू होतो. चार वारसांत ८७५ मीटर विभागले तर प्रत्येकी २१९ चौरस मीटरही येत नाहीत, आणि त्यावर इमारत बांधण्याचे भांडवल कुटुंबाकडे नसते. म्हणून भूखंड देण्याचे सिडकोचे इरादापत्र हाती येताच बांधकाम व्यावसायिकाबरोबर करार होतो, आणि पुढे सिडको, प्रकल्पग्रस्त व विकत घेणारा यांच्यात त्रिपक्षीय करारनामा होतो. सोडतीत भूखंड कुठे लागेल हे माहीत नसताना केलेल्या या सौद्यांत शेतकऱ्याने भाव मोठ्या प्रमाणावर सोडला. योजना न्याय्य होती, पण अंमलबजावणीला जितका उशीर झाला तितका तिचा लाभ मध्यस्थाकडे सरकला, असे म्हणण्यास जागा आहे.

सातबारावर नाव नसलेल्यांना काय मिळाले?

फार थोडे. योजना मोबदल्याशी बांधलेली आणि मोबदला कागदावरच्या हक्काशी बांधलेला असल्यामुळे खाडीत मासेमारी करणारे कोळी कुटुंब, मिठागरावर हंगामी काम करणारे मजूर किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबणारे शेतमजूर या चौकटीत बसत नव्हते. खाडी भरली गेली तरी मासेमारीच्या हक्काला गट क्रमांक नसतो. जमिनीच्या रूपांतराची चर्चा जमीनधारकापाशी येऊन थांबते, ही या धोरणाची मोठी उणीव आहे, आणि टक्केवारी वाढवल्याने ती भरून निघत नाही.

गावठाणांचे आणि ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांचे काय?

संपादन शेतीचे झाले, गावठाणे जागच्या जागी राहिली. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द मात्र वेळेत वाढली नाही. तेव्हा लोकांनी गावाला लागून, कागदोपत्री सिडकोच्या झालेल्या आपल्याच जुन्या जमिनीवर घरे बांधली. हीच ‘गरजेपोटी’ची घरे. ती नियमित करण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघाले, पण प्रत्येक निर्णयात हद्दीपासूनचे अंतर, बांधकामाची तारीख आणि आकारावयाची रक्कम यांवरून नवे वाद उभे राहिले. या गल्ल्यांतून फिरताना पाच मजली चाळवजा इमारती आणि हात पसरला तर समोरच्या भिंतीला लागेल एवढे अंतर दिसते. त्यात भाड्याने राहणारा कामगार हा नवी मुंबईतील परवडणाऱ्या घरांचा सर्वांत मोठा ग्राहक आहे, हे नियोजनाच्या कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते.

घर आमचे असताना हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी का लागते?

कारण सिडकोने जमीन विकली नाही, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली आणि पाणी, कचरा व मालमत्ता कर तिच्याकडे गेले, परंतु जमिनीची मालकी महामंडळाकडेच राहिली. म्हणून सदनिका विकताना हस्तांतरण शुल्क सिडकोला द्यावे लागते. भाडेपट्टा ठेवण्यामागे वाढत्या किमतीतील वाटा सार्वजनिक हाती राहावा हा हेतू होता. तो हेतू योग्य असला तरी सामान्य सदनिकाधारकाला त्यातून दिसते ती एक जादा खिडकी आणि एक जादा पावती.

नगररचना योजना ही नवी कल्पना आहे का?

मुळीच नाही. मुंबई इलाख्यात त्यासाठीचा कायदा १९१५ मध्ये झाला, आणि वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या उपनगरांचे व पुण्यातील भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे, सरळ रस्ते आणि आटोपशीर भूखंड या योजनांतूनच आले. पद्धत अशी की कोणाचीही जमीन कायमची काढून घेतली जात नाही. एका क्षेत्रातील सगळे वेडेवाकडे मूळ भूखंड एकत्र मानले जातात, रस्ते, बागा आणि शाळांसाठी त्यातून हिस्सा बाजूला काढला जातो, आणि उरलेल्या क्षेत्रातून प्रत्येकाला लहान, पण रस्त्याला लागून असलेला चौकोनी अंतिम भूखंड मिळतो. वाद सोडवण्यासाठी लवाद नेमला जातो. योजनेचा खर्च जमिनीच्या वाढीव किमतीच्या निम्म्यापर्यंत अंशदान म्हणून मालकांकडून घेता येतो, त्यापलीकडचा भार नियोजन प्राधिकरणाने उचलायचा असतो.

गुजरातने हीच पद्धत नेटाने चालवून अहमदाबादचा विस्तार केला. महाराष्ट्राने मात्र १९७० नंतर ती जवळजवळ अडगळीत टाकली आणि सरसकट संपादनाचा मार्ग धरला. ज्या प्रांतात हे साधन घडले त्यानेच ते विसरावे, याचे आश्चर्य वाटते.

‘नैना’त ४० टक्केच जमीन परत मिळते. हा तोटा नाही का?

नवी मुंबई विमानतळ प्रभावित अधिसूचित क्षेत्रासाठी, म्हणजे ‘नैना’साठी, जानेवारी २०१३ मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. इथे सिडकोकडे जमीन नव्हती आणि जुन्या पद्धतीने ती घेण्याची सोयही उरली नव्हती, म्हणून नगररचना योजनांचा मार्ग स्वीकारला गेला. एक हेक्टर जमीन योजनेत आली तर ४,००० चौरस मीटरचा अंतिम भूखंड मिळतो आणि त्यावर अडीच चटई क्षेत्र निर्देशांक दिला जातो, म्हणजे कागदावर १०,००० चौरस मीटर बांधकामाचा हक्क टिकतो. साडेबारा टक्क्यांच्या हिशेबातील ८७५ मीटरशी तुलना केली तर फरक उघड आहे.

तरीही गावांतून विरोध झाला, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. अडीच निर्देशांकाची किंमत इमारत उभी राहील तेव्हाची आहे. पाच-दहा गुंठ्यांच्या शेतकऱ्याला भूखंड मिळतो तो दोन-चार गुंठ्यांचा, आणि त्यावर पूर्ण निर्देशांक वापरणे रस्त्याच्या रुंदीच्या व सामासिक अंतराच्या, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेच्या, नियमांमुळे अवघड जाते. रस्ते आणि पाणी कधी येणार याची तारीख योजनेच्या नकाशावर नसते. साठ टक्के जमीन मात्र आजच द्यायची असते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने काय बदलले?

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या या कायद्याने खासगी कंपनीसाठीच्या संपादनाला ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली, दिलासा रक्कम शंभर टक्के केली आणि सामाजिक परिणामांचे मूल्यांकन बंधनकारक केले. संपादन महाग झाले, आणि शासनाला शेतकऱ्याशी बोलणे भाग पडले. विमानतळाच्या ११६० हेक्टरच्या प्रकल्पासाठी २०१४ मध्ये रोख मोबदल्याऐवजी साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचा पर्याय दिला गेला तो या पार्श्वभूमीवर. त्यासाठी दहा वस्त्यांचे पुनर्वसन झाले, उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

साडेबारा, साडेबावीस, चाळीस असा मूळ मालकाचा वाटा वाढत गेला, हे चांगलेच झाले. पण प्राधिकरणाच्या हाती उरणारी जमीन त्याच प्रमाणात घटली, आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी व बागांसाठी जागा कुठून काढायची, हा प्रश्न तितकाच टोकदार झाला आहे.

माझ्या जमिनीवर आरक्षण आहे आणि वर्षानुवर्षे काहीच झालेले नाही. पुढे काय?

विकास आराखडा अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि जमीन संपादित झाली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे जमीन घ्या अशी लेखी नोटीस, प्राधिकरणावर बजावता येते. त्यानंतर २४ महिन्यांत प्राधिकरणाने कायद्याने सांगितलेली पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. सूचनेसोबत मालकी हक्काची कागदपत्रे जोडलेली असली पाहिजेत, अन्यथा मुदत सुरूच होत नाही. रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची मुभा देणारा बोलीभाषेतला टीडीआर, घेण्याचाही पर्याय असतो.

बिनशेती परवानगी अजून लागते का?

विकास आराखडा अंतिम झालेल्या क्षेत्रात, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत नंतर घातलेल्या कलम ४२-ब मुळे, वेगळा बिनशेती आदेश घेण्याची गरज राहिलेली नाही. त्यासाठी लागू असलेली रक्कम शासनाकडे भरावी लागते, आणि जमीन भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी असेल, तर नजराणा, म्हणजे शासनाला द्यायची अधिक रक्कमही.

शासनाशिवाय शेतकरी स्वतः शहर वसवू शकतात का?

पुण्याजवळ हडपसरला मगरपट्टा सिटी तशी उभी राहिली. शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत वाटा घेतला. हे उदाहरण वारंवार दिले जाते, पण ते सरसकट लागू करण्याजोगे नाही. सलग जमीन, एकमेकांवर विश्वास असलेली भावकी, आणि शहराच्या अगदी कडेला असण्याचे भाग्य तिथे एकत्र आले होते. शिवाय परवानगी तिथेही शासनाचीच लागली.

माझा गट क्रमांक नगररचना योजनेत आला आहे. सर्वप्रथम काय पाहावे?

सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि प्रत्यक्ष मोजणी यांतील क्षेत्र जुळते का ते पाहावे. अंतिम भूखंड नोंदीतल्या क्षेत्रावर ठरतो, बांधावरच्या क्षेत्रावर नाही. वारसांचे फेरफार आधी करून घ्यावेत. मग प्रारूप योजनेच्या नकाशात आपला अंतिम भूखंड मूळ जागेपासून किती लांब गेला, त्यासमोरचा रस्ता किती रुंद आहे, आणि त्यावर विहीर, घर किंवा विजेची वाहिनी येते का हे तपासावे. हरकत घ्यायची तर ती लेखी, मुदतीत आणि गट क्रमांकाच्या उल्लेखासह द्यावी व पोच घ्यावी. लवादासमोरच्या सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे अनेकांची सुनावणी एकतर्फी होते, म्हणून योजना कार्यालयात आपला सध्याचा पत्ता स्वतः जाऊन नोंदवावा. आणि अंतिम भूखंडाचा क्रमांक निश्चित होण्याआधी कोणी विसार घेऊन दारात आला, तर करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.